दुकानातील कॉम्प्युटर आणि नवी विंडोज : डिस्कमध्ये जागा किती हवी?

दि. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीची नियमित देखभाल बंद केली. ज्यांनी वाढीव मुदतीसाठी नोंदणी केली त्यांच्यासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट देण्याची सोय कंपनीने जाहीर केली होती. ती तात्पुरती सोय होती. तेव्हापासून गोंदिया शहरातील पेढ्यांवर आणि तिरोडा, आमगाव, देवरी, अर्जुनी-मोरगाव येथील दुकानांत एकच चर्चा आहे : "विंडोज ११ बसवून घ्यावी म्हणतो, पण डिस्क केवढी लागेल?" एक कारागीर सांगतो ६४ जीबी पुरे, दुसरा म्हणतो १२८ हवी, तिसरा ५१२ खाली बोलतच नाही. व्यापारी बांधव गोंधळतात आणि शेवटी जो स्वस्तात करून देतो त्याच्या हाती कॉम्प्युटर सोपवतात.

या विषयावर वाचक बंधूंनी आमच्याकडे वारंवार विचारणा केल्याने आज त्याचा हिशेब मांडत आहोत. हिशेब सोपा आहे, मुनीमगिरी जाणणाऱ्या कोणालाही समजेल असा. मात्र त्याच्या शेवटी जी रक्कम निघते, ती डिस्कच्या किमतीपेक्षा फार मोठी आहे. ती आपल्या वहीखात्याची आहे.

आकडा कसा वाढत गेला

ऑपरेटिंग सिस्टम म्हणजे तो मूळ प्रोग्राम, ज्याच्या आधारावर टॅली, बिलाचा प्रोग्राम, डिझाइनचा प्रोग्राम असे बाकी सारे चालते. १९९५ साली विंडोज ९५ आली तेव्हा तिला सुमारे ५० ते ५५ एमबी जागा पुरत असे आणि ती तेरा फ्लॉप्यांवरही मिळत असे. २००१ च्या विंडोज एक्सपीने दीड जीबी मागितली. २००९ ची विंडोज ७ सोळा ते वीस जीबीवर गेली. २०१५ मध्ये विंडोज १० त्याच आकड्यावर आली, पण २०१९ मध्ये नव्या कॉम्प्युटरसाठी तोच आकडा ३२ जीबी करण्यात आला. ५ ऑक्टोबर २०२१ रोजी निघालेल्या विंडोज ११ साठी कंपनीने किमान ६४ जीबीची डिस्क सांगितली आहे.

म्हणजे ज्या कारागिराने ६४ सांगितले तो खोटे बोलला नाही. परंतु 'किमान' या शब्दाकडे लक्ष द्यावे. राइस मिलची मशीन बसवायला अमुक फूट जागा लागते असे मशीनवाला सांगतो, तेव्हा तो मशीनच्या पायाची जागा सांगत असतो. धानाची पोती कुठे रचायची, तांदूळ कुठे काढायचा, कोंडा कुठे टाकायचा, ट्रक कुठे लावायचा, हे त्यात धरलेले नसते. ६४ जीबी हा असाच आकडा आहे. तेवढ्यात विंडोज बसेल. त्यात दुकान चालेल असे नाही.

जागा जाते कुठे

विंडोज ११ नुकतीच बसवली, दुसरे काहीही टाकले नाही, तरी अंदाजे २५ ते ३० जीबी जागा जाते. ही झाली मशीनच्या पायाची जागा.

यानंतर अपडेटची जागा येते. दर महिन्याला लहान आणि वर्षातून साधारण एकदा मोठा अपडेट येतो. मोठ्या अपडेटच्या वेळी नवा माल आधी गोदामात उतरतो आणि जुना नंतर निघतो. जुनी विंडोज एका वेगळ्या फोल्डरमध्ये बाजूला ठेवली जाते, म्हणजे नवीन पसंत पडली नाही तर परत फिरता यावे. हा फोल्डर वीस जीबीच्या आसपासही भरतो आणि साधारणपणे दहा दिवसांनी आपोआप पुसला जातो. पण तोपर्यंत दोन्हींना जागा हवी. याशिवाय अपडेटसाठी म्हणून विंडोज स्वतःच सुमारे ७ जीबी जागा राखून ठेवते. सर्व मिळून २५ ते ३० जीबी या खात्यात धरावे. जागा नसली की अपडेट अर्ध्यावर अडते आणि मग कॉम्प्युटर उगाच हळू चालतो, वारंवार तीच सूचना देतो, अशी तक्रार येते. 'विंडोज ११ खराब आहे' अशा ज्या तक्रारी आम्ही ऐकल्या, त्यांतल्या काहींचे मूळ केवळ लहान डिस्कमध्ये होते.

तिसरे खाते विंडोजच्या आपल्या खर्चाचे. रॅम कमी पडली की विंडोज डिस्कचा काही भाग रॅमसारखा वापरते. कॉम्प्युटर झोपवताना रॅममधील सारे काम डिस्कवर उतरवण्यासाठी आणखी एक फाइल असते, ती साधारण रॅमच्या ४० टक्के एवढी धरली जाते. आठ जीबी रॅम असेल तर तीन जीबीहून थोडी जास्त. या सर्वांना मिळून ५ ते १० जीबी.

चौथे खाते आपल्या प्रोग्रामचे. टॅली, बिलाचा प्रोग्राम, छपाईचा प्रोग्राम, उर्दू लग्नपत्रिका करणाऱ्यांचे इनपेज, मराठी फॉन्ट, प्रिंटरचे ड्रायव्हर, ब्राउझर हे सारे धरून साध्या दुकानाला १० ते १५ जीबी पुरतात.

आता बेरीज करा. कमीत कमी ६५, जास्तीत जास्त ८५ जीबी. डिस्क काठोकाठ भरू नये. साधारण पाचवा हिस्सा मोकळा ठेवावा, विशेषतः एसएसडी डिस्क असेल तर, कारण भरत आलेली एसएसडी मंदावते. हा हिस्सा धरला की सी ड्राइव्हसाठी ८० ते १०५ जीबी होतात. म्हणून आमचे म्हणणे असे की सी ड्राइव्हला निदान १०० आणि शक्य तर १२० जीबी द्यावेत.

बिलावर २५६, पडद्यावर २३८

येथे एका गोष्टीचा खुलासा करावा लागेल. दुकानातून २५६ जीबीची डिस्क आणली आणि घरी लावली की विंडोज ती २३८ दाखवते. ५०० ची ४६५ होते, १ टीबीची ९३१. यावरून दुकानदाराशी भांडण होते आणि कधी कधी फसवणुकीचा आरोपही होतो. येथे फसवणूक झालेली नसते. कापडाच्या धंद्यातील बांधवांना मीटर आणि वार यांतील फरक ठाऊक आहे. तागा तोच, पण मोजण्याची काठी बदलली की आकडा बदलतो. डिस्क बनवणारा एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरतो. विंडोज १,०७,३७,४१,८२४ बाइटांचा एक जीबी मोजते. काठी मोठी, म्हणून आकडा लहान.

हिशेब करताना मात्र पडद्यावरचा आकडाच धरावा. ६४ ची डिस्क पडद्यावर ५९ च्या आसपास दिसते. आपली बेरीज ६५ पासून सुरू होते. १२८ ची ११९ दिसते, म्हणजे विंडोज व प्रोग्राम बसले की संपली. २५६ ची २३८ दिसते. त्यातील १२० सी ड्राइव्हला दिले तरी ११८ आपल्या कामाला उरतात. किराणा, कापड, चप्पल-जोडे, हार्डवेअर, औषध अशा दुकानांना आणि लहान राइस मिलच्या कार्यालयाला २५६ पुरेशी आहे. फ्लेक्स छपाई, लग्नपत्रिका, फोटो स्टुडिओ, व्हिडिओचे काम करणाऱ्या कारागिरांनी ५१२ घ्यावी, कारण त्यांच्या एकेका फाइलचा आकार मोठा असतो. मशीनवर भरतकाम करणाऱ्यांच्या डिझाइन फाइली मात्र फार लहान असतात, त्यांना २५६ मध्ये अडचण येत नाही.

सर्वात लहान गाठोडे

एवढा हिशेब झाला आणि त्यात आपले वहीखाते आलेच नाही, हे वाचकांच्या ध्यानात आले असेल. ते आम्ही मुद्दाम शेवटी ठेवले. एका मध्यम दुकानाची टॅलीतील अनेक वर्षांची खाती काही शे एमबीत मावतात. म्हणजे अर्धा जीबीही नाही. डिस्कवरील सर्वात लहान गाठोडे ते, आणि सर्वात किमतीचेही तेच. विंडोज पुन्हा बसवता येते, प्रोग्राम पुन्हा टाकता येतो, डिस्क पुन्हा विकत मिळते. उधारीचे खाते बाजारात मिळत नाही.

आमच्या परिचयातील एका कापड व्यापाऱ्याने आपला कॉम्प्युटर नवी विंडोज बसवायला दिला. कारागीर मुलाने रीतसर विचारले, "चाचा, सी ड्राइव्हमध्ये काही ठेवले आहे का?" चाचांनी उत्तर दिले, "नाही बेटा, आमचे सारे टॅलीत आहे." मुलाने सी ड्राइव्ह पुसला. टॅलीचा डेटा त्याच ड्राइव्हमध्ये होता. तीन वर्षांची उधारी गेली. पुढे बिलबुके उघडून, आठवून आठवून खाते लिहावे लागले. काही गिऱ्हाइकांनी स्वतः येऊन आपले देणे सांगितले, काहींनी नाही. दोष कोणाचा म्हणावा? मुलाने विचारले होते आणि चाचांनी खरेच सांगितले होते. फक्त टॅली कुठे राहते हे दोघांपैकी कोणी पाहिले नाही.

हा केवळ तोट्याचा प्रश्न नाही. वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ पासून लागू झाला. त्याच्या कायद्यातील कलम ३६ प्रमाणे नोंदणीकृत व्यापाऱ्याने त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब जपून ठेवावयाचे असतात. २०२४-२५ या वर्षाच्या विवरणपत्राची मुदत ३१ डिसेंबर २०२५, म्हणून त्या वर्षाची खाती ३१ डिसेंबर २०३१ पर्यंत दाखवता आली पाहिजेत. 'विंडोज बदलताना गेले' हे उत्तर अधिकाऱ्यापुढे चालणार नाही.

आणि अधिकाऱ्याच्या वरही एक हिशेब आहे. कुरआन शरीफमधील सर्वात लांब आयत, सूरह बकराहची २८२ वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे, हे आपल्या व्यापाऱ्यांना सांगण्याची गरज नाही. रमजानमध्ये जकात काढताना गोदामातील माल, येणे आणि देणे यांचा हिशेब याच खात्यातून निघतो. दुसऱ्याचे आपल्याकडे असलेले देणेही त्यातच लिहिलेले आहे. ते खाते आपल्याजवळ अमानत आहे.

बसवण्यापूर्वी काय करावे

पहिले काम, डेटा कुठे आहे ते पाहणे. टॅली उघडून कंपनीच्या माहितीत डेटाचा मार्ग पाहावा. तो पुष्कळदा सी ड्राइव्हचाच असतो. तसाच डेस्कटॉपही सी ड्राइव्हमध्येच असतो, हे अनेकांना ठाऊक नसते. डेस्कटॉपवर ठेवलेली पत्रके, दरपत्रके, ओळखपत्रांच्या प्रती, फोटो हे सारे सी ड्राइव्ह पुसताना जाते.

दुसरे काम, दोन प्रती काढणे. एक पेन ड्राइव्हवर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर. प्रत काढली एवढ्यावर न थांबता ती दुसऱ्या एखाद्या कॉम्प्युटरवर उघडून पाहावी. शेवटच्या तारखेचे बिल दिसले म्हणजे प्रत खरी. एक प्रत दुकानात, एक घरी ठेवावी.

तिसरे काम, जुने प्रोग्राम नव्या विंडोजवर चालतील का हे आधी विचारणे. विंडोज ११ फक्त ६४ बिटची आहे. जुन्या पेढ्यांवर अजून डॉसवर चालणारे हिशेबाचे प्रोग्राम असतील तर ते त्यावर सरळ चालणार नाहीत. काही प्रोग्राम कॉम्प्युटरमागे लावलेल्या लहानशा कुलुपावर, म्हणजे डोंगलवर चालतात. त्याचा नवा ड्रायव्हर मिळतो की नाही ते पाहावे. टॅलीचा सिरियल क्रमांक आणि नोंदणीचा ई-मेल वहीत लिहून ठेवावा.

चौथे काम, आपला कॉम्प्युटर विंडोज ११ ला पात्र आहे का ते तपासणे. जागा भरपूर असली तरी विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय, किमान ४ जीबी रॅम आणि बहुतेक करून इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढचा किंवा त्या तोडीचा प्रोसेसर लागतो. काही कारागीर ही अट चुकवूनही विंडोज बसवून देतात. तसे केल्यास पुढे अपडेट मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही. दुकानाच्या कॉम्प्युटरवर असा प्रयोग करू नये.

पाचवे, वेळ निवडणे. धानाचा हंगाम चालू असताना, भरडाईचा हिशेब द्यायचा असताना राइस मिलवाल्यांनी यात हात घालू नये. मासिक विवरणपत्र भरणाऱ्यांनी महिन्याची ११ आणि २० तारीख टाळावी. कापड आणि शिलाईच्या बांधवांनी ईदच्या आधीचे दिवस टाळावेत. आणि विंडोज बसत असताना इन्व्हर्टर किंवा यूपीएस चालू असलाच पाहिजे. पावसाळ्यात आपल्याकडे वीज केव्हा जाईल सांगता येत नाही, आणि अर्ध्यावर तुटलेले काम पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. विंडोजची फाइल मोठी असते. ती ज्या पेन ड्राइव्हवर घ्यायची तो किमान ८ जीबीचा आणि रिकामा असावा. खात्यांची प्रत असलेला पेन ड्राइव्ह कारागिराच्या हाती या कामासाठी चुकूनही देऊ नये. तो तयार करताना पूर्ण पुसला जातो.

जुना कॉम्प्युटर फेकावा काय?

ज्यांचा कॉम्प्युटर विंडोज ११ ला पात्र नाही, त्यांनी लगेच तो भंगारात घालू नये. लिनक्स ही मोफत मिळणारी प्रणाली आहे. तिच्या उबंटू या प्रकाराला साधारण २५ जीबी जागा सांगितलेली आहे, मिंट या प्रकाराला किमान २० जीबी. आपल्या देशातील सी-डॅक या सरकारी संस्थेने बॉस नावाची लिनक्स तयार केली आहे. जीएसटीचे संकेतस्थळ, ई-वे बिल, बँकेचे काम, पत्रव्यवहार एवढेच ज्यांचे काम आहे, त्यांचे ब्राउझरवर भागते. टॅली मात्र विंडोजसाठी बनलेली आहे, म्हणून टॅलीवाल्यांनी केवळ फुकट मिळते म्हणून लिनक्सकडे वळू नये. त्यांनी नवा किंवा पात्र असा वापरलेला कॉम्प्युटर घ्यावा आणि जुना मुलांच्या अभ्यासाला द्यावा.

तिसरा मार्गही बाजारात सुचवला जातो, तो म्हणजे कुलूप तोडलेली, 'क्रॅक' केलेली विंडोज. त्याबद्दल दोनच शब्द. तो चोरीचा माल आहे, आणि हलाल कमाईचा हिशेब चोरीच्या पाटीवर लिहू नये. व्यवहाराच्या दृष्टीने पाहिले तरी, असे कुलूप तोडणारे प्रोग्राम आधी विषाणूरोधक बंद करायला सांगतात. ज्याला आपण पहारेकऱ्याला घरी पाठवून आत घेतले, तो आत काय करतो हे कोण पाहणार?

थोडक्यात

कारागिराकडे जाताना वाचकांनी हे लक्षात ठेवावे. ६४ जीबीची डिस्क विंडोज ११ चे दार उघडते, त्यापलीकडे तिचा उपयोग नाही. १२८ मध्ये जेमतेम भागते आणि दोन वर्षांत तंगी येते. साध्या दुकानाला २५६ योग्य, छपाई व फोटोच्या कामाला ५१२. सी ड्राइव्हला १०० ते १२० जीबी, खाती डी ड्राइव्हमध्ये. एवढे करूनही डी ड्राइव्ह त्याच डिस्कचा तुकडा आहे हे विसरू नये. डिस्क जळाली की सी आणि डी दोन्ही जातात. म्हणून बाहेरची प्रत हवीच.

ती काढायला आम्ही एक सोपा नियम सुचवतो. जुम्याच्या नमाजसाठी दुकानाचे शटर ओढण्यापूर्वी आठवड्याचा बॅकअप पेन ड्राइव्हवर घ्यावा आणि तो खिशात टाकूनच बाहेर पडावे. पाच मिनिटांचे काम आहे. मग विंडोज बदलो, डिस्क बिघडो, कारागीर नवखा असो, इन्शाअल्लाह आपले खाते शाबूत राहील. अल्लाह आपल्या सर्वांच्या रोजीत बरकत देवो.